निसर्गचित्रातली माणसं ‘चिपकवलेली’ का दिसतात? एका नकलेतून सापडलेले दोष आणि त्यांवरचे उपाय

“काकू, हा माणूस वरून चिपकवला काय?”

शेजारचा नववीतला पोरगा नागपूरच्या फुटाळा तलावाच्या माझ्या चित्रापुढे उभा राहून हे बोलला, तेव्हा मला रागच आला. पाणी बरं जमलं होतं, संध्याकाळचं आभाळ तर मला स्वतःलाच आवडलं होतं. काठाशी एक माणूस आणि त्याचं बोट धरलेली लहान मुलगी, एवढीच काय ती माणसं. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. मासिकातून कापून डिंकाने डकवावी तशी ती दोघं दिसत होती.

हा दोष पुढे दोन वर्षं दर चित्रात परत येत राहिला. मला वाटलं, आपल्याला माणसं काढता येत नाहीत. म्हणून वही घेऊन महाराजबागेत बसले, बर्डीवर बसची वाट बघणारी माणसं काढली, घरी भाजी निवडणाऱ्या सासूबाई काढल्या. माणसं सुधारली. चित्रात नेऊन ठेवली की पुन्हा चिपकवलेलीच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की दुखणं माणसात नाही, माणूस आणि त्याच्या मागची-खालची जमीन यांच्या नात्यात आहे.

आता आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी सहा-सात जण रंगवायला बसतात. नवीन येणाऱ्याची तक्रार ठरलेली असते, आणि मीही तेच तेच सांगत असते. एकदा लिहूनच ठेवते. हे दुखणं कळावं म्हणून मी आधी एका जुन्या चित्राची नक्कल करायला लावते, तेव्हा सुरुवात तिथूनच.

नकलेसाठी कोणतं चित्र घ्यावं

मी सगळ्यांना पीटर ब्रूगेल (थोरला) या जुन्या युरोपी चित्रकाराचं गहू कापणाऱ्या शेतकऱ्यांचं चित्र देते. १५६५ सालचं, लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं, सुमारे ११९ बाय १६२ सेंटिमीटर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. या संग्रहालयाने २०१७ साली स्वामित्वहक्क संपलेल्या आपल्या कलाकृतींची छायाचित्रं सगळ्यांसाठी मोफत खुली केली, त्यामुळे मोठ्या आकाराची फाइल घरबसल्या उतरवून घेता येते आणि मोबाइलवर बोटांनी मोठी करून एकेक फटकारा पाहता येतो.

हेच का, तर यात माणूस सगळ्या अंतरांवर आहे. पुढे झाडाखाली जेवायला बसलेली मंडळी, पाय फाकवून घोरत पडलेला एक गडी, डावीकडे लांब दांड्याच्या पात्याने उभ्यानेच गहू कापणारे, गव्हात कापलेल्या वाटेने मडकी घेऊन येणारा एक जण, थोड्या अंतरावर पेंढ्या वाहून नेणाऱ्या बायका, आणि पार खाली दरीत मुंगीएवढी माणसं. शिवाय विषय आपल्याला परका नाही. भर दुपारी झाडाखाली शिदोरी सोडून बसलेली माणसं काटोल रोडने गेलं तरी दिसतात. आमच्यातले एक काका मूळचे नरखेडचे. ते चित्र बघून म्हणाले, “हा झोपला तो आमच्याकडचा सालदार शोभते.”

पूर्ण चित्र मात्र करायला घेऊ नका. बारा बाय सोळा इंचाच्या कॅनव्हास बोर्डवर ते जवळजवळ एक चतुर्थांश आकाराचं होतं. मूळ चित्रात आठ सेंटिमीटरचा असलेला माणूस तुमच्याकडे दोन सेंटिमीटरचा उरतो आणि तुम्ही एक नंबरच्या ब्रशने त्याच्या बटणांशी झटत बसता. त्यापेक्षा डावीकडचा कापणीचा एक तुकडा निवडा, ज्यात दोन-तीन माणसं आणि त्यांच्याभोवती भरपूर गहू येईल, आणि तेवढाच आठ बाय दहा इंचांत करा.

नक्कल कुठे फसते

बहुतेक जण प्रिंट काढतात, त्यावर चौकटी आखतात किंवा कार्बन पेपर ठेवून माणसाची बाह्यरेषा उतरवतात. मग आभाळ रंगवतात, शेत रंगवतात, रेषेच्या आत येऊ न देता. शेवटी त्या कोऱ्या राहिलेल्या माणसाच्या आकारात सदरा, टोपी, पाटलोण भरतात. लहानपणी रंग भरायच्या पुस्तकात करायचो तेच. माणूस तिथेच चिपकतो.

मूळ चित्र मोठं करून पाहा. गव्हापुढे उभ्या असलेल्या माणसाची कड म्हणजे रेषा नाही. एक गडद छटा आणि एक उजळ छटा शेजारी येऊन भेटतात, एवढंच. काही ठिकाणी त्या दोन छटा इतक्या सारख्या आहेत की कड जवळपास हरवते. तुम्ही रेषा उतरवली म्हणजे चित्रात नसलेली गोष्ट उतरवली, आणि असलेली, म्हणजे सदऱ्याचा उजळपणा आणि त्याच्या मागच्या गव्हाचा उजळपणा यांतलं अंतर, ती राहूनच गेली.

यावर एकच खात्रीचा उपाय मला सापडला: आधी काळ्या-पांढऱ्यात नक्कल. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सां-रेमीच्या इस्पितळात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकरी-चित्रांच्या वीसेक नकला केल्या. त्याच्यासमोर रंगीत चित्रं नव्हतीच, काळ्या-पांढऱ्या प्रती होत्या. छटा मिलेच्या, रंग त्याचे स्वतःचे. आपणही ब्रूगेलचा निवडलेला तुकडा मोबाइलमध्ये कृष्णधवल करायचा, आणि फक्त चार छटा बनवायच्या: पांढरी, फिकी राखाडी, गडद राखाडी, काळी. पेन्सिल हातात न घेता, ब्रशनेच, माणूस आणि गहू एकाच वेळी मांडायचे. सदऱ्याचा एक फटकारा, लगेच शेजारच्या गव्हाचा एक. पुन्हा सदरा. तासाभरात जे होईल ते दिसायला ओबडधोबड असतं, पण त्यातला माणूस शेतात उभा असतो. असे तीन तुकडे केल्याशिवाय रंगाला हात लावू नका, असं मी म्हणते आणि कोणी ऐकत नाही.

माणूस शेवटी काढला म्हणून चिपकतो, असंही एक मत ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये आद्रियान व्हान दे वेल्डे हा चित्रकार रॉयस्डाल आणि होबेमा यांच्या तयार निसर्गचित्रांत माणसं आणि गुरं काढून द्यायचा. चित्र एकाचं, माणसं दुसऱ्याची, आणि तरी ती चिपकत नाहीत. कारण तो आधी त्या चित्रातला उजेड वाचायचा. आपण मे महिन्यातल्या दुपारच्या फोटोतला माणूस उचलतो आणि संध्याकाळच्या फुटाळ्यावर नेऊन ठेवतो. माझ्या त्या पहिल्या चित्रात हेच झालं होतं: सूर्य पाण्यापलीकडे मावळतोय आणि माणसाच्या डोक्यावर ऊन.

तक्रार: माणूस राक्षस दिसतो, किंवा मागचा माणूस बुटका

हा दोष मोजून काढता येतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

सपाट जमिनीवर उभं राहून आपण बघत असू, तर क्षितिजाची रेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. मग आपल्याएवढ्या उंचीचा प्रत्येक उभा माणूस, जवळचा असो की लांबचा, त्या रेषेने डोळ्यांपाशीच कापला जातो. फुटाळ्याच्या काठावर उभं राहून बघा: जवळच्या फुगेवाल्याचं डोकं आणि पन्नास पावलांवरच्या माणसाचं डोकं एकाच ओळीत. पाय मात्र लांबच्याचे वर. नवशिके उलट करतात, पाय एका ओळीत ठेवतात आणि मागच्याचं डोकं खाली आणतात. मग तो लांबचा न वाटता बुटका वाटतो. स्टुलावर बसून रंगवत असाल तर रेषा सगळ्यांच्या छातीपाशी येईल, पण येईल सगळ्यांच्या छातीपाशीच.

उंचावरून बघताना हिशेब बदलतो. एकमजली घराच्या गच्चीवर उभं राहिलं की डोळे जमिनीपासून साधारण सोळा फुटांवर असतात. खालचा माणूस साडेपाच फुटांचा, म्हणजे आपले डोळे त्याच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट वर. तेव्हा चित्रात कोणत्याही माणसाच्या पायापासून क्षितिजापर्यंत जेवढं अंतर असेल, त्याच्या एक तृतीयांश त्याची उंची. पाय क्षितिजाच्या नऊ सेंटिमीटर खाली, तर माणूस तीन सेंटिमीटर. पाय सहा खाली, तर माणूस दोन. कागदाची पट्टी कापून त्यावर खुणा करून ठेवा, दर वेळी भागाकार नको.

आता ब्रूगेलकडे या. त्याच्या चित्रात हा हिशेब पुढच्या गटाला लावला आणि तोच दरीतल्या माणसांना लावला, तर चुकतं. पहिल्यांदा मी तासभर डोकं खाजवलं. उत्तर सोपं आहे: जमीन एक नाही. पुढचे शेतकरी टेकाडावर आहेत आणि आपणही त्याच टेकाडावर उभे आहोत. दरी त्याच्या बरीच खाली. त्या खालच्या मजल्यावरून आपले डोळे फार उंचावर आहेत, म्हणून तिथली माणसं एकदम चिमुकली होतात. मधल्या पायऱ्या त्याने गाळल्या आहेत, आणि त्या उडीमुळेच दरी खोल वाटते. बर्डीच्या मेट्रो स्टेशनवरून फलाटावरची माणसं आणि खालच्या रस्त्यावरची माणसं एकाच चित्रात घ्यायची असतील तर नेमकं हेच. प्रत्येक मजल्याचं प्रमाण वेगळं काढायचं.

उंचीसोबत डोकंही तपासा. उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. तीन सेंटिमीटरच्या माणसाचं डोकं चार मिलिमीटरचं झालं. आपण सात-आठ मिलिमीटरचं काढतो, कारण त्यात नाक-डोळे बसवायचे असतात, आणि मग चाळिशीचा माणूस बालवाडीतला दिसतो. चार मिलिमीटरमध्ये चेहरा काढायचा नसतो. टोपी किंवा केस, आणि खाली त्वचेचा एक ठिपका. ब्रूगेलची माणसं मुळातच ठेंगणी, रुंद बांध्याची आहेत, त्यामुळे प्रमाण त्याच्याकडून न घेता बाहेर जाऊन माणसं बघून घ्या.

तक्रार: माणूस जमिनीच्या वर तरंगतो

पायाचं चित्र फार चांगलं काढलेलं असतं, हे याचं कारण. बूट, टाचा, बोटं, सगळं स्वच्छ. खरी जमीन पाय असा मोकळा सोडत नाही. गवत, ढेकळं, धूळ, काही ना काही पायावर येतंच. ब्रूगेलच्या कापणीवाल्यांच्या आजूबाजूचा उभा गहू आणि खालची कापलेली खुंटं बघा, पाय त्यांत गुंतलेले आहेत. माणूस रंगवून झाला की जमिनीच्या रंगाचे दोन-तीन फटकारे खालून वर, पायांवरून ओढा. अर्धं तरंगणं तिथेच थांबतं.

उरलेलं अर्धं सावलीचं. पाय जिथे टेकतो तिथे सावली सगळ्यात गडद आणि बारीक. पुढे जाईल तशी फिकी आणि मऊ. आमच्याकडे सरसकट काळ्या रंगाचा लंबगोल घालतात, तो सावलीऐवजी खड्डा दिसतो. सावली ही जमीनच आहे, कमी उजेडातली. पिवळ्या शेतासाठी यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरिन. उघड्यावरच्या सावलीवर आभाळाचा उजेड पडतो, म्हणून तो निळा लागतोच. आणि झाडाची सावली डावीकडे पडत असेल तर माणसाचीही डावीकडेच. हसू नका, मागच्याच महिन्यात तीन चित्रांत ती उलटी होती, त्यातलं एक माझं.

तक्रार: माणसाभोवती प्रभावळ

देवाच्या तसबिरीत असते तशी फिकट कड माणसाभोवती दिसते. हे अॅक्रिलिकवाल्यांचं दुखणं. माणूस काढल्यावर त्याच्याभोवतीचं गवत पुन्हा सारखं करायला जातो, आणि अॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून ओला रंग जुळलेला वाटतो आणि वाळल्यावर डाग वेगळा दिसतो. कागदाच्या तुकड्यावर रंग लावून, वाळवून, मग चित्राशी धरून बघा. तरीही डाग राहिला तर तो माणसाभोवतीच संपवू नका. पुढच्या झुडपापर्यंत, बांधापर्यंत, जिथे तसाही रंग बदलतो तिथपर्यंत न्या.

तक्रार: लांबचा माणूसच आधी डोळ्यात भरतो

लांबच्या माणसाला काळे केस आणि पांढरंशुभ्र धोतर दिलं की तो पुढे उडी मारून येतो. मधल्या हवेमुळे लांबच्या गडद छटा उजळतात, निळसर होतात, आणि पांढऱ्याचा झगमगाट उतरतो. ब्रूगेलने दरीतली माणसं एक-दोन टिंबांत संपवली आहेत. तपासायला जाड कागदाला पेन्सिलच्या जाडीचं भोक पाडा. भोकातून लांबच्या माणसाचं डोकं बघा, मग जवळच्याचं. कागदावरचा ‘काळा’ खरा किती काळा आहे ते लगेच कळतं. भोकाचा कागद नसेल तर डोळे किलकिले करा, तेही चालतं.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल

एप्रिल-मेमध्ये इथे माणूस आणि जमीन एकत्र, ओलं असतानाच रंगवायचं म्हटलं तर अॅक्रिलिक दोन मिनिटांत आवळतं. डब्याच्या तळाशी ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, वर झाकण. तासभर निभावतं. कूलरच्या झोतासमोर पॅलेट ठेवू नका. खसाचा वास छान येतो, पण रंगावर कातडी धरते. सकाळी सहा ते साडेआठ ही आमची वेळ, त्यानंतर गच्चीवर फरशीच पाय भाजते.

प्रिंटबद्दलही एक. बर्डीवरच्या एका दुकानातून मी या चित्राची रंगीत प्रिंट आणली, ती इतकी केशरी निघाली की गहू संत्र्याचा बाग वाटत होता. त्या प्रिंटवरून मी महिनाभर नक्कल करत होते. प्रिंट मोजमापापुरती वापरा, रंग मोबाइलवर बघा, आणि मोबाइलचा रात्रीचा पिवळा उजेड बंद करून बघा.

नकलेनंतर स्वतःच्या चित्राकडे

नक्कल बरी साधली की लगेच बाजारातली गर्दी घेऊ नका. आम्ही कापूस वेचणाऱ्या बायकांपासून सुरुवात करतो, दिवाळीनंतर. झाडं कमरेएवढी, म्हणजे पायांचा प्रश्नच मिटतो. कमरेला बांधलेली ओटी फुगलेली असते, त्यामुळे आकार लांबूनही ओळखू येतो. बाई वाकलेली असते, म्हणून ताठ उभ्या बाहुल्या होत नाहीत. आणि दोघी-तिघी लागोपाठच्या ओळींत असल्या की एकमेकींना थोड्या झाकतात, तो एक गट म्हणून एकाच आकारात काढायचा, प्रत्येकीला सुटं काढायचं नाही. ब्रूगेलची जेवणारी मंडळी तशीच एकमेकांत मिसळलेली आहेत.

अडचण एकच: पांढऱ्या कापसापुढे पांढऱ्या ओढणीची कड हरवते. हरवू द्या. नवीन आलेली मंडळी तिथे निळी रेघ मारून ती शोधून काढतात आणि बाई पुन्हा चिपकते.

नकलेवर सही करताना ‘ब्रूगेलवरून’ असं लिहा. आणि नकलेसाठी आजच्या चित्रकाराचं चित्र घेतलंत तर ती वहीतच ठेवा. आपल्याकडे स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो.

सगळं करूनही एखादा माणूस बसतच नाही. अशा वेळी रंग ओला असेल तर पॅलेट नाइफने खरवडून काढा. वाळला असेल तर दोन दिवस चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग आरशात बघा. उलट्या प्रतिमेत उंचीची चूक चटकन दिसते. तरीही नाही जमलं, तर त्याच्यावर बाभूळ काढा. काटोल रोडच्या माझ्या चित्रात तीन बाभळी आहेत, त्यातल्या दोन मुळात माणसं होती. शेजारच्या पोराला त्या दोन्ही आवडल्या.